बाबांची पाचर

(स्वयंपाकघर, दुपार. ओट्यावर जुनं कॉफीचं मशीन, वरचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं. दारात मुलगी, हातात रिकामं खोकं.)

मुलगी : तुम्ही ते उघडलंत?

चष्मेवाले : फक्त वरचं झाकण काढलंय. आत हात घातलेला नाही. ये ना, आत ये. खोकं ठेव त्या खुर्चीवर. तू संध्याकाळी येणार असं तुझ्या आई म्हणत होत्या.

मुलगी : शाळा लवकर सुटली. आई कुठाय?

चष्मेवाले : दाताच्या डॉक्टरकडे. दाढ काढायचीय, किती दिवस ढकलत होत्या. मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाल्या, तोंड उघडायला मला सोबत लागत नाही.

मुलगी : आईच ती. तुम्ही तिला अजून अहो-जाहो करता?

चष्मेवाले : दुकानात गिऱ्हाईक म्हणून यायच्या ना. तोंडात बसलंय. लग्न झालं म्हणून एकदम एकेरीवर कसं यायचं?

मुलगी : हं. मला ती फोनवर म्हणाली की मशीन बंद पडलंय. म्हटलं, मग घेऊनच जावं. बाबांचं आहे ते.

चष्मेवाले : हो, माहितीय.

मुलगी : बाबांशिवाय आजवर कुणी त्याचा स्क्रू हलवलेला नाही.

चष्मेवाले : मग लावतो झाकण परत, त्यात काय. एक सांगू मात्र? इथे गार पडलंय ते तुझ्याकडेही गारच राहणार. कॉफी काही मिळायची नाही तुला.

मुलगी : कॉफीसाठी नेत नाहीये मी.

चष्मेवाले : बरं. तेही खरंच. तो बारका स्क्रूड्रायव्हर दे इकडे, तुझ्या हाताशी आहे.

मुलगी : हा? हा खेळण्यातला वाटतो.

चष्मेवाले : चष्म्याच्या दांड्यांचा आहे. दुकान भाच्याच्या हवाली केलं, पण हत्यारं नाही दिली. तो म्हणतो, मामा, आता सगळं यंत्रावर होतं. म्हटलं, होऊ दे, माझा स्क्रूड्रायव्हर खिशातच राहू दे.

मुलगी : थांबा जरा. काय बिघडलंय, ते कळलं का?

चष्मेवाले : कळलं असं नाही म्हणणार. संशय आहे. वरचा दिवा लागतो, पंप घरघरतो, म्हणजे आत वीज येतेय. पण बॉयलर गार. म्हणजे हीटरपर्यंत वीज पोचत नाही, मधेच कुठेतरी अडते. आता हा बघ, मागच्या कोपऱ्यात काळा डबा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. त्याला प्रेशर स्विच म्हणतात.

मुलगी : तुम्हाला यातलं कळतं?

चष्मेवाले : परवापर्यंत ओ की ठो कळत नव्हतं. मी चहा पिणारा माणूस. पण इंटरनेटवर एका बाईंनी फार छान समजावलंय. बोलतात कमी, दाखवतात जास्त. दोनदा बघितलं आणि मग झाकण काढायचा धीर केला.

मुलगी : आणि हा डबा करतो काय?

चष्मेवाले : मुकादम आहे तो. वाफ कमी पडली की हीटरला म्हणतो, लाग कामाला. वाफ पुरेशी झाली की म्हणतो, बस आता. बाकी काही येत नाही त्याला.

मुलगी : आणि सध्या तो ‘लाग कामाला’ म्हणत नाहीये.

चष्मेवाले : असं मला वाटतंय. हा वीज तपासायचा मीटर लावला की कळेल. बॉयलर गार असताना या दोन टोकांमध्ये वीज जायला हवी, म्हणजे मीटर टीं करेल. नाही केलं, तर चोर सापडला.

मुलगी : लावा मग. प्लग काढलाय ना?

चष्मेवाले : सकाळीच. तो बघ, मुद्दाम डोळ्यासमोर ठेवलाय. बॉयलरला हात लावून बघ, थंडगार आहे. आता हा टॉर्च दातात धरतो आणि...

मुलगी : दातात कशाला? द्या इकडे. एक दाताच्या डॉक्टरकडे गेलीय तेवढं पुरे.

चष्मेवाले : घे, धर. हां, असा. अरे वा, बरोबर पाडलास की उजेड.

मुलगी : सवय आहे. बाबा काही उघडून बसले की टॉर्च माझ्याकडे. म्हणायचे, उजेड माझ्या हातावर नको, कामावर पाड. इस्त्री, टेपरेकॉर्डर, शिलाई मशीन, माझा अभ्यासाचा दिवा. आमच्या घराची पायरी दुरुस्तीवाल्याने कधी चढली नाही.

चष्मेवाले : भाग्यवान घर. आता ऐक हं. एक टोक इथे, दुसरं इथे.

मुलगी : वाजलं नाही.

चष्मेवाले : नाही वाजलं. मीटरची टोकं एकमेकांना लावून बघू, मीटरच मुका असायचा.

मुलगी : टीं. मीटर बोलतोय.

चष्मेवाले : मग स्विचच मुका. चला, निम्मी लढाई झाली. आता याला बाहेर काढायचा. आधी या दोन वायरींचा फोटो काढून ठेव, नाहीतर परत लावताना आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसू.

मुलगी : काढला. आता?

चष्मेवाले : आता खाली ही पितळी नळी दिसते, तिचं नट सोडवायचं. ते तू कर. माझा हा अंगठा हल्ली माझा राहिलेला नाही. नट फिरवायला गेलो की दुसऱ्याच दिशेला जातो.

मुलगी : पाना कुठला? हा? घट्ट बसलंय हो.

चष्मेवाले : क्षार धरलाय. जोर लावू नकोस, थोडं मागे, थोडं पुढे. हट्टी मुलाला उठवतात तसं.

मुलगी : मी हट्टी मुलांना तसं नाही उठवत. मी भूगोल शिकवते, तिसऱ्या तासाला अर्धा वर्ग झोपलेला असतो. सुटलं. सुटलं बघा.

चष्मेवाले : छान. हात हलका आहे तुझा.

मुलगी : हे असं आतून बघितलं ना की सकाळ आठवते. मी शाळेचे बूट घालून इथे... इथे म्हणजे आमच्या जुन्या ओट्याला हनुवटी टेकून उभी राहायची. आधी मशीन गुरगुरायचं. मग थरथरायचं. मग शिट्टी. एकदम कर्कश, कुत्रीबित्री भुंकायला लागायची खाली. शिट्टी झाली की बाबा म्हणायचे, कॉफी झाली, सलाम करा.

चष्मेवाले : शिट्टी?

मुलगी : हो. मशीनची शिट्टी. का?

चष्मेवाले : काही नाही. रोज व्हायची?

मुलगी : रोज. आईकडेही होत असेल की इथे, बंद पडेपर्यंत.

चष्मेवाले : मी त्या वेळी फिरायला गेलेला असतो. बरं, ते राहू दे. आता या डब्याचं टोपण काढतो. दोन बारके स्क्रू, हे मात्र माझ्या अंगठ्याला जमतात. या बघू बाहेर. हां, आलात. आता टोपण.

मुलगी : काय आहे आत?

चष्मेवाले : थांब. मला जरा प्यायला पाणी देतेस? घसा कोरडा पडला.

मुलगी : देते की. ग्लास कुठे असतात?

चष्मेवाले : वरच्या फडताळात. डावीकडे. नाही, त्याच्या पलीकडे.

मुलगी : इथे नुसत्या बरण्या आहेत. ग्लास तर तुमच्या समोर वाळत घातलेत.

चष्मेवाले : अरे हो की.

मुलगी : घ्या पाणी. आणि मुठीत काय आहे?

चष्मेवाले : कुठे काय. कचरा. आतला कचरा.

मुलगी : मी शाळेत शिकवते. बंद मुठीत कचरा आहे की कच्ची कैरी, हे मला मुलाच्या चेहऱ्यावरून कळतं. उघडा.

चष्मेवाले : तू पाणी आणायला आणखी जरा वेळ लावला असतास तर बरं झालं असतं.

मुलगी : उघडा ना.

चष्मेवाले : हे बघ. प्लॅस्टिकचा तुकडा आहे. निळा.

मुलगी : ही पेनाच्या टोपणाची क्लिप आहे. बाबांच्या पेनाची. त्यांच्या एकाही टोपणाला क्लिप नसायची, मला वाटायचं चावून तोडतात. कुठे होती ही?

चष्मेवाले : आत. या पट्टीच्या मागे दाबून बसवली होती. पाचर म्हणून.

मुलगी : म्हणजे बाबांनी दुरुस्त केलं होतं.

चष्मेवाले : हो. केलं होतं.

मुलगी : तुम्ही लपवत होतात.

चष्मेवाले : लपवत होतो असं नाही.

मुलगी : पाणी मागितलंत, डावीकडचं फडताळ दाखवलंत, मुठीत धरलंत. याला आमच्याकडे लपवणंच म्हणतात. का?

चष्मेवाले : हे बघ, दुरुस्तीचे प्रकार असतात. चष्म्याची दांडी तुटली की लोक दोरा बांधतात. चालतं तसं काही दिवस.

मुलगी : मला वर्गातल्या ‘ढ’ मुलासारखं समजावू नका. पाचर काय करत होती, ते सांगा. मला कळेल.

चष्मेवाले : कळेल, म्हणूनच सांगत नव्हतो. ही दोन टोकं दिसतात? एकमेकांना चिकटली की वीज जाते. वाफ भरली की ही पट्टी वर उचलली जाते, टोकं सुटतात, वीज बंद. तुझ्या बाबांच्या वेळी टोकं झिजून नीट चिकटेनाशी झाली असणार. त्यांनी मागून पाचर मारली, चिकटली. मशीन तापायला लागलं.

मुलगी : मग चांगलंच केलं.

चष्मेवाले : पण मग ती सुटेनात. मुकादमाला बांधून ठेवल्यासारखं झालं ते. ‘बस आता’ म्हणायला कुणी उरलंच नाही. वाफ भरत राहायची, भरत राहायची, आणि शेवटी...

मुलगी : शिट्टी.

चष्मेवाले : हां.

मुलगी : ती कॉफीची शिट्टी नव्हती.

चष्मेवाले : सेफ्टी व्हॉल्व्ह होता तो. सगळ्यात शेवटचा पहारेकरी. त्याने इमानदारी केली म्हणून बरं.

मुलगी : आणि नसती केली तर?

चष्मेवाले : केली ना. नसती केली वगैरे कशाला काढायचं आता.

मुलगी : मी हनुवटी टेकून उभी असायची तिथे.

चष्मेवाले : बस जरा. खोकं खाली ठेव आणि बस.

मुलगी : बाबांना हे माहीत असेल?

चष्मेवाले : मी त्यांना पाहिलेलं नाही गं. कसं सांगू?

मुलगी : तुम्ही का लपवलंत, ते अजून सांगितलं नाहीत.

चष्मेवाले : तू मघाशी टॉर्च धरून त्यांच्याबद्दल बोलत होतीस. दारातून आलीस तेव्हापासून पहिल्यांदा चार वाक्यं सलग बोललीस. आणि नेमकं मी टोपण काढलं. त्यांच्या कामात खोट निघायचीच होती तर दुसऱ्या कुणाच्याही हातून निघावी, माझ्या हातून नको, असं वाटलं. बाकी काही नाही.

मुलगी : पाणी प्या तुमचं.

चष्मेवाले : पितो.

मुलगी : खरंच तहान लागली होती?

चष्मेवाले : आता लागलीय. दार वाजलं. तुझ्या आई आल्या वाटतं.

आई : बाई गं, लवकर आलीस? मला हसवू नका दोघांनी, निम्मं तोंड माझं नाहीये. डावीकडे कुणी थप्पड मारली तरी कळायचं नाही. हे काय मांडून बसलात?

चष्मेवाले : दुखतंय का? बसा आधी. ओढणी काढा, गरम होतंय.

आई : अजून इंजेक्शन आहे, उतरलं की कळेल. हिचं तोंड का उतरलंय?

मुलगी : आई, बाबांनी मशीनमध्ये पाचर मारली होती.

आई : हो. निळी.

मुलगी : तुला माहीत होतं?

आई : माहीत म्हणजे? त्याने माझ्यासमोर पेनाची क्लिप मोडली आणि म्हणाला, बघ, नवा स्विच कशाला हवा.

मुलगी : आणि शिट्टीचं?

आई : शिट्टी झाली की प्लग कोण काढायचं?

मुलगी : तू.

आई : मग मी रोज सकाळी दाराशी प्लगपाशी उभी कशाला असायचे? कॉफीच्या वासाला? तुला हनुवटी उचल म्हणून ओरडायचे, आठवतं का? तुला वाटायचं ओट्यावर डाग पडतात म्हणून.

मुलगी : तू म्हणायचीस तसं.

आई : म्हणायचेच. भीती वाटते असं म्हटलं असतं तर त्याला लागलं असतं.

चष्मेवाले : तुम्ही लग्नानंतर इथे आणलंत, तेव्हा मला नाही सांगितलंत.

आई : इथे शिट्टीच्या आधीच प्लग काढत होते की. तुम्ही फिरून येईपर्यंत सगळं सामसूम. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते मशीन माळ्यावर टाकलं असतंत.

चष्मेवाले : टाकलं असतं. खोटं कशाला बोलू.

मुलगी : मला कळत नाही. बाबांना सगळं यायचं. घरातली एकूण एक वस्तू त्यांनी... आई, तू हसतेस का?

आई : हसत नाहीये, तोंड वाकडं आहे.

मुलगी : हसतेयस तू.

आई : अर्धी. हे बघ, तू आता मोठी आहेस, वर्गभर मुलं सांभाळतेस. इस्त्री उघडायचा तो. टेप उघडायचा. दोन दिवस टेबलावर पसारा, तू टॉर्च घेऊन. मग तो झाकण लावायचा, एखादा स्क्रू उरायचा, तो म्हणायचा, हा कारखान्याने उगाच जास्तीचा दिलाय. आणि टेप चालायचा का?

मुलगी : चालायचा. दुसऱ्या दिवशी चालायचा. बाबा म्हणायचे, रात्रभर बसू द्यावं लागतं.

आई : दुसऱ्या दिवशी तू शाळेत, तो कामावर. आणि मी पिशवीत टेप घालून नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे.

मुलगी : काय सांगतेस.

आई : पायरी चढला नाही तो आपली, हे खरं. मीच त्याची चढत होते. मला बघितलं की म्हणायचा, वहिनी, या वेळी साहेबांनी काय दुरुस्त केलं?

मुलगी : टेबललॅम्प?

आई : तोही.

मुलगी : शिलाई मशीन?

आई : ते मी हातगाडीवरून धाडलं त्याच्याकडे. तू सहलीला गेली होतीस.

मुलगी : म्हणजे बाबांना काहीच येत नव्हतं.

आई : असं कोण म्हणालं?

मुलगी : तूच आत्ता म्हणालीस.

आई : मी म्हटलं, टेप तो दुरुस्त करायचा नाही. तू कशी होतीस ठाऊक आहे? कायम पुस्तकात डोकं. विचारलं तर हो, नाही, बघू. पण हातात टॉर्च आला की तुझी गाडी सुरू. शाळेत काय झालं, कोण रडलं, कुणाशी कट्टी. तो आपला मान खाली घालून स्क्रू फिरवतोय आणि ऐकतोय. मी भाजी चिरता चिरता ऐकायचे. टेप बंद पडला की मला बरंच वाटायचं.

मुलगी : त्यांना कळलं होतं? तू नेऊन आणायचीस ते?

आई : न कळायला तो काय दूधखुळा होता? एकदा त्या माणसाने इस्त्रीच्या वायरीला पिवळी चिकटटेप गुंडाळली. आपल्या घरात पिवळी टेप कधी नव्हतीच. हा इस्त्री करायला बसला, वायर हातात घेतली, टेप बघितली. बघतच राहिला. मग म्हणाला, छान बसलीय टेप. आणि शर्टाला इस्त्री करायला लागला.

मुलगी : बस? इतकंच?

आई : दुसऱ्या दिवशी त्याच्या हत्यारांच्या डब्यात पिवळ्या टेपचं नवंकोरं रीळ. दिसेल असं, सगळ्यात वर. ते कधी त्याने बोलून दाखवलं नाही, मीही नाही. पुढे तो दुरुस्तीवाला कुठलीही टेप गुंडाळो, रंग आमच्या डब्यात हजर.

मुलगी : म्हणजे रीळ आणून ठेवलं त्यांनी.

आई : रडतेयस का हसतेयस?

मुलगी : माझं पण तोंड वाकडं झालंय.

चष्मेवाले : मी जरा बाहेर जाऊन येतो. बाल्कनीतल्या कुंड्यांना...

आई : बसा इथेच. कुंड्यांना सकाळी घातलंत पाणी.

मुलगी : हे मशीन मात्र नाही नेलंस त्याच्याकडे.

आई : कसं नेणार? हे धूड पिशवीत मावतंय कुठे? बाकी सगळ्यावर त्या माणसाचा हात फिरलाय, यातलं मात्र जे काही आहे ते निव्वळ तुझ्या बापाचं. चांगलं, वाईट, निळं.

मुलगी : पाचर जीवावरची होती, आई.

आई : होतीच. मी कुठे नाही म्हणते? माणूस जीव लावायचा, पण डोकं लावायला विसरायचा. अहो, तुम्ही काय गप्प बसलात? आता याचं करायचं काय, ते बोला.

चष्मेवाले : ते हिने ठरवायचं. मशीन हिचं आहे.

मुलगी : पाचर परत बसवायची नाही.

चष्मेवाले : नाही. तेवढं मी आपणहून म्हणणारच होतो. टोकं काजळीने काळी पडलीयत, म्हणून पाचर असूनही वीज जात नव्हती. आज नुसती घासून बघू. हा बारीक पॉलिश कागद आहे, काचेच्या कडांना वापरतो तो. दुमडून दोन टोकांमध्ये घाल आणि हलकेच ओढ. जोर नको.

मुलगी : असं?

चष्मेवाले : असंच. कागद काळा आला की बाजू बदल. आता फुंकर.

मुलगी : चमकतंय जरा.

चष्मेवाले : लाव मीटर.

मुलगी : टीं. आई, ऐकलंस?

आई : ऐकलं. कान शाबूत आहेत माझे.

चष्मेवाले : आता आधी नळी, मग वायरी. फोटो बघून लाव. वरची तांबडी, हां. नट हाताने फिरेल तेवढं फिरव, मग पाना. पाण्याची टाकी भरलेली आहे. झाकण नंतर लावू. आता तुम्ही दोघी दोन पावलं मागे सरा, प्लग मी लावतो.

मुलगी : तुम्ही का?

चष्मेवाले : माझा अंगठा तसाही बाद आहे. सर मागे. हं. दिवा लागला. तो हीटरचा दिवा, तोही लागला. बघितलंस?

मुलगी : लागला. गुरगुरतंय.

आई : थरथरायला लागेल आता.

चष्मेवाले : काटा बघा. हिरव्या पट्ट्यात येऊन थांबला पाहिजे. तिथे मुकादम बोलेल.

मुलगी : चढतोय. आई, तू कुठे निघालीस?

आई : प्लगपाशी.

चष्मेवाले : मी आहे इथे. तुम्ही बसा.

आई : बसवत नाही हो. पायच ऐकत नाहीत. इतकी वर्षं या आवाजाला उठतेय मी.

मुलगी : पट्ट्यात आला काटा. अजून दिवा सुरूच आहे. काका, दिवा सुरूच आहे.

चष्मेवाले : जरा धीर धर. हात प्लगवरच आहे माझा.

मुलगी : टक् झालं.

चष्मेवाले : झालं ना? मलाही वाटलं झालं.

मुलगी : दिवा गेला. काटा थांबला. शिट्टी नाही.

आई : थांबा, गप्प बसा जरा. खरंच नाही. किती शांत आहे हे.

मुलगी : परत टक्. दिवा लागला परत.

चष्मेवाले : वाफ थोडी उतरली, म्हणून परत कामाला लावला हीटरला. असंच चालायचं आता, हो-नाही, हो-नाही. पण ही टोकं झिजलेली आहेत, फार दिवस साथ देणार नाहीत. नवा स्विच मागवावा लागेल. मिळतो, मी चौकशी केलीय. तोवर वापरायचं तर कुणीतरी समोर उभं राहून.

आई : ते मला जमतं.

मुलगी : मी करते कॉफी. बाबांसारखी. भुकटी दाबताना मनगट सरळ ठेवायचं, हे तरी त्यांना खरंच यायचं ना?

आई : ते यायचं. कॉफी त्याच्यासारखी कुणालाच जमली नाही, त्या दुरुस्तीवाल्यालासुद्धा.

मुलगी : म्हणजे त्याच्याकडे कॉफीही प्यायचीस?

आई : गिऱ्हाइकाला विचारतात बाई. मला नको ओतूस, गरम घ्यायचं नाही म्हणालाय डॉक्टर. नुसता वास घेते. कप आण इकडे.

मुलगी : काका, तुम्हाला?

चष्मेवाले : मी चहावाला. पण आज देच.

मुलगी : साखर?

चष्मेवाले : तुझे बाबा कशी घ्यायचे?

मुलगी : बिनसाखरेची. पण तुम्ही घ्या तुमच्या सवयीने.

चष्मेवाले : मग दोन चमचे. गच्च भरून.

आई : घ्या. साखरेत कॉफी.

मुलगी : कशी आहे?

चष्मेवाले : कडू आहे.

आई : मन राखायला तरी चांगली म्हणा हो.

चष्मेवाले : कडू आहे पण संपवणार, म्हटलं. पुढचं ऐकून तर घ्या.

आई : बरं, आणि हे मशीन? नेणार आहेस ना? खोकं आणलंयस एवढं.

मुलगी : आता कुठे नेऊ. नवा स्विच बसवायचाय. आणि माझा ओटा केवढासा, त्यावर हे ठेवलं तर पोळपाटाला जागा नाही. काका, स्विच आला की मला कळवा. मी नसताना बसवू नका.

चष्मेवाले : नाही बसवत. टॉर्च कोण धरणार?

आई : मी धरला असता.

चष्मेवाले : तुम्ही उजेड माझ्या तोंडावर पाडता.

मुलगी : चला, निघते. वह्या तपासायच्यात. आई, रात्री दुखायला लागलं तर फोन कर.

चष्मेवाले : थांब एक मिनिट. तेवढा चष्मा काढून दे.

मुलगी : माझा? का?

चष्मेवाले : नट फिरवताना चारदा वर ढकललास. उजवी दांडी पसरलीय. रोज डोकं दुखत असेल संध्याकाळी.

मुलगी : दुखतं. मला वाटायचं वर्गामुळे.

चष्मेवाले : वर्गाचंही असेल. दे इकडे. हा स्क्रू थोडा आवळू, आणि दांडी जरा गरम करून आत घेऊ, मशीनच्या वाफेवरच होईल. हां. घालून बघ. मान खाली घाल. आता हलव.

मुलगी : हलत नाहीये. कानामागे जरा जाणवतंय.

चष्मेवाले : दोन दिवस घालून बघ. टोचला तर घेऊन ये.

मुलगी : आणि नाही टोचला तर?

चष्मेवाले : तर नुसती ये.